लेनर्ड कोहेन: एका चाहत्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९४ साली पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत मी कोहेन पहिल्यांदा ऐकला. खोलीतल्या मित्राकडे 'द फ्यूचर'ची कॅसेट होती आणि बाहेर जुलैचा पाऊस. तेव्हापासून तो ऐकणं थांबलेलं नाही. इतक्या वर्षांत घरच्यांनी, मित्रांनी आणि आता भाच्या-पुतण्यांनी तेच ते प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढतो.

लेनर्ड कोहेन म्हणजे नेमका कोण?

कॅनडातल्या माँट्रियलचा कवी आणि गायक. जन्म २१ सप्टेंबर १९३४ चा, वेस्टमाउंट भागातल्या सुखवस्तू ज्यू कुटुंबातला. वडिलांचा कपड्यांचा धंदा होता. लेनर्ड ९ वर्षांचा असताना ते गेले. मॅकगिल विद्यापीठात शिकून १९५६ मध्ये त्याने पहिला कवितासंग्रह काढला. १९६० मध्ये ग्रीसच्या हायड्रा बेटावर दीड हजार डॉलरला घर घेतलं आणि तिथे लिहीत बसला. दोन कादंबऱ्या आल्या, नाव झालं, पण लेखनावर घर चालेना. मग तो गाण्याकडे वळला. पहिला अल्बम १९६७ च्या डिसेंबरात आला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. त्या काळात तिशी ओलांडलेला माणूस पॉप संगीतात म्हातारा समजला जायचा.

एवढ्या मोठ्या माणसाचा उल्लेख एकेरीत का करता?

विठोबाला आपण 'अरे विठ्या' म्हणतो, तसंच. जो रात्री एक वाजता आपल्या खोलीत बसून गातो त्याला 'अहो' म्हणणं मला जमत नाही.

त्याची हिट गाणी कोणती?

इथेच सगळी गंमत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिट म्हणजे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत वर चढलेलं गाणं, असा अर्थ घेतला तर तो जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वतःच्या आवाजातलं एकही गाणं 'हॉट १००'मध्ये पोचलं नाही. पहिलं पोचलं ते तो गेल्यावर, नोव्हेंबर २०१६ मध्ये. ते 'हॅलेलुया' होतं आणि क्रमांक होता ५९ वा. म्हणजे गाणं बाजारात आल्यानंतर ३२ वर्षांनी.

पण लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं असा अर्थ घेतला तर यादी लांबते. 'सुझान' १९६६ मध्ये ज्युडी कॉलिन्सने गायलं. त्याच्या स्वतःच्या पहिल्या अल्बमच्या आधी एक वर्ष! कोहेनला गायक म्हणून लोकांपुढे ढकलण्यातही तिचाच हात होता. 'सो लाँग, मॅरिएन', 'बर्ड ऑन द वायर', 'फेमस ब्लू रेनकोट', 'डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह', 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन', 'एव्हरीबडी नोज' ही नावं ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांनीही यातली एखादी चाल कुठेतरी ऐकलेली असते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेला त्याचा विसर पडला होता, तेव्हा जेनिफर वॉर्न्सने फक्त त्याच्या गाण्यांचा एक अल्बम केला. वॉर्न्स आधी त्याच्या मागे कोरसमध्ये गायची. तिचा अल्बम चालला आणि त्याच्यासाठी बंद झालेलं दार पुन्हा किलकिलं झालं.

माझं मत विचाराल तर त्याची धंद्यातली कारकीर्द अशीच घडली. गाणं तो लिहायचा आणि दुसऱ्याचा गळा ते गावोगाव पोचवायचा. मग वीस-तीस वर्षांनी लोक मूळ आवाजाचा शोध घेत परत त्याच्याकडे यायचे. 'आधी यश, मग उतरण' हा क्रम त्याला लागूच होत नाही.

युरोपची गोष्ट मात्र वेगळी. ब्रिटनमध्ये त्याचा दुसरा अल्बम १९६९ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. १९८८ चा 'आय अ‍ॅम युअर मॅन' नॉर्वेत कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. अमेरिकेतल्या कंपनीला जे दिसत नव्हतं ते ऑस्लोतल्या श्रोत्यांना दिसत होतं.

'हॅलेलुया' इतकं गाजलं, मग सुरुवातीला का चाललं नाही?

कारण ते नीट बाजारात आलंच नाही. १९८४ मध्ये 'व्हेरियस पोझिशन्स' हा अल्बम तयार झाला आणि त्याच्या कंपनीने, म्हणजे कोलंबियाने, तो अमेरिकेत काढायला नकार दिला. प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांचं म्हणणं असं होतं की तू थोर आहेस हे आम्हाला माहीत आहे, पण चांगला आहेस का हे कळत नाही. पुढे एका छोट्या कंपनीने तो अमेरिकेत काढला, पण फारसं कुणी ऐकलं नाही. त्या अल्बमवर 'हॅलेलुया' होतं, 'डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह' होतं आणि 'इफ इट बी युअर विल' ही प्रार्थनाही होती. तीन रत्नं एका फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवावीत तसा तो अल्बम पडून राहिला.

आता गाण्याचा प्रवास पाहा. बॉब डिलनने १९८८ मध्ये ते मंचावर गायलं. १९९१ मध्ये वेल्श संगीतकार जॉन केलने कोहेनच्या गौरवासाठी निघालेल्या एका अल्बमसाठी ते निवडलं आणि कोहेनकडे कडवी मागितली. कोहेनने पानंच्या पानं फॅक्स केली आणि केलने त्यांतून आपल्याला हवी ती कडवी घेतली. ते ऐकून जेफ बकली या तरुणाने १९९४ मध्ये आपल्या पद्धतीने गायलं. बकली १९९७ मध्ये नदीत बुडून गेला आणि त्याच्या आवाजातलं गाणं जगभर फिरू लागलं. २००१ मध्ये 'श्रेक' या लहान मुलांच्या चित्रपटात ते आलं. पडद्यावर केलचा आवाज होता आणि ध्वनिमुद्रिकेवर रूफस वेनराइटचा. २००८ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं अलेक्झांड्रा बर्कचं 'हॅलेलुया' आणि दुसऱ्यावर जेफ बकलीचं. त्याच आठवड्यात कोहेनची मूळ आवृत्तीही पहिल्या चाळिसांत होती, ३६ व्या क्रमांकावर. एका गाण्याने एकाच वेळी एवढ्या पायऱ्या अडवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

ते देवाचं गाणं आहे की प्रेमाचं?

दोन्ही एकाच वेळी. पहिल्या कडव्यात बायबलमधला दावीद राजा वीणा वाजवतो आहे, पुढे स्वयंपाकघरातली खुर्ची येते, शमशोनाचे कापलेले केस येतात, आणि शेवटी एक हरलेला माणूस तेच पालुपद म्हणत उभा असतो. 'हॅलेलुया' हा हिब्रू शब्द; आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत 'हालेलूया' म्हणून तो जसाच्या तसा आहे. अर्थ 'परमेश्वराची स्तुती करा'. जिंकल्यावरची स्तुती सगळेच गातात. कोहेनला हवी होती ती सगळं मोडून पडल्यावर तोंडून निघणारी. आपल्या अभंगात देवाशी भांडण आणि शरणागती एकाच ओळीत नांदतात, त्यामुळे मराठी कानाला हे गाणं परकं वाटू नये. मला तरी कधी वाटलं नाही.

लग्नात किंवा गायनस्पर्धेत ते नुसतं गोड गाणं म्हणून गातात तेव्हा मी अस्वस्थ होतो, हे कबूल करतो. गोड आवृत्तीत बहुतेक वेळा नेमकं स्वयंपाकघर गाळलेलं असतं.

एक गाणं लिहायला त्याला खरंच वर्षं लागायची?

हो. 'हॅलेलुया'साठी त्याने वह्या भरल्या. न्यूयॉर्कच्या हॉटेलात अंतर्वस्त्रांनिशी गालिच्यावर बसून जमिनीवर डोकं आपटल्याची आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. पॅरिसमधल्या कॅफेत डिलनने त्याला विचारलं, हे लिहायला किती दिवस लागले? कोहेनने दोन वर्षं सांगितली. खरा काळ याहून जास्त होता, पण सांगायची लाज वाटली. मग त्याने डिलनला त्याच्या एका गाण्याबद्दल तेच विचारलं. उत्तर आलं, पंधरा मिनिटं.

म्हणून मला त्याच्या गाण्यांत सुतारकाम दिसतं. रंधा फिरवून फिरवून शेवटी जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये, असं.

त्याचा आवाज काही चांगला नाही, हे मान्य कराल?

गळा फिरत नाही हे मान्य. सुरुवातीचा आवाज थोडा नाकातला, एकसुरी. वयाबरोबर आणि सिगारेटबरोबर तो खाली खाली गेला, इतका की ऐंशीच्या दशकापासून तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटतो. १९९३ मध्ये कॅनडात त्याला सर्वोत्कृष्ट गायकाचा ज्युनो पुरस्कार मिळाला तेव्हा मंचावर तो म्हणाला की असा पुरस्कार मला फक्त याच देशात मिळू शकतो.

पण शब्द कसा टाकावा हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं. एखादा चांगला कीर्तनकार ओवी म्हणताना ज्या जागी थांबतो, त्या जागा त्याला ठाऊक होत्या.

आणि गिटार?

याची एक गोष्ट आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. २०११ मध्ये स्पेनने त्याला प्रिन्स ऑफ अस्तुरियास हा पुरस्कार दिला. ओव्हिएदोतल्या त्या भाषणात त्याने साठच्या दशकाच्या सुरुवातीची आठवण सांगितली. माँट्रियलला आईच्या घराशेजारच्या सार्वजनिक बागेत एक तरुण स्पॅनिश मुलगा गिटार वाजवत होता. कोहेनने त्याला शिकवायला बोलावलं. तीन दिवसांत त्या मुलाने सहा कॉर्ड आणि बोटांची एक पद्धत शिकवली. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्याने आत्महत्या केली होती. तो कोण, कुठला, माँट्रियलला कशाला आला होता, कोहेनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या सहा कॉर्डवरच माझी सगळी गाणी उभी आहेत, असं सांगून त्याने सगळं श्रेय स्पेनच्या मातीला दिलं. आपल्या मुलीचं नावही त्याने स्पॅनिश कवीवरून लोर्का ठेवलं होतं.

जुन्या चाहत्यांना ऐंशीतला कीबोर्डवाला कोहेन आवडत नाही म्हणे?

काहींना नाही आवडत. गिटार गेली, स्वस्तातल्या कीबोर्डचा टकटक ताल आला. मी याच काळातून त्याच्याकडे आलो, त्यामुळे मला तो ताल घरचा वाटतो. 'एव्हरीबडी नोज'मधली ती कोरडी ठेक्याची चाल काढून तिथे गिटार लावून पाहा; गाण्यातला विषारी वारा निघून जाईल.

तो मुंबईत राहिला होता हे खरं आहे का?

खरं आहे. आपल्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत जवळचं प्रकरण हेच.

१९९४ ते १९९९ ही वर्षं तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात होता. पहाटे उठायचं, झाडलोट करायची, वयोवृद्ध गुरू सासाकी रोशी यांच्यासाठी स्वयंपाक करायचा. १९९६ मध्ये त्याला भिक्षूची दीक्षा मिळाली आणि 'जिकान' हे नाव मिळालं. एवढं करूनही तरुणपणापासून मागे लागलेलं नैराश्य सुटलं नाही. मठात असतानाच त्याच्या हाती मुंबईचे अद्वैत-गुरू रमेश बाळसेकर यांचं पुस्तक आलं. १९९९ च्या सुरुवातीला मठ सोडून तो थेट मुंबईला आला.

बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले. वॉर्डन रोडच्या परिसरातल्या आपल्या घरी ते रोज सकाळी लोकांशी बोलायचे. कोहेन केम्प्स कॉर्नरजवळच्या साध्या हॉटेलात उतरायचा आणि सकाळी चालत तिकडे जायचा. त्यानंतरच्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा येत राहिला.

आता मराठी धागा. बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. निसर्गदत्त म्हणजे मारुती कांबळी, मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे. खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर ते बोलायचे आणि बोलायचे ते फक्त मराठीत. परदेशी जिज्ञासूंसाठी ते बोलणं इंग्रजीत सांगणाऱ्यांपैकी एक बाळसेकर होते. महाराज १९८१ मध्ये गेले, म्हणजे कोहेनची त्यांच्याशी भेट होणं शक्य नव्हतं. पण खेतवाडीच्या पोटमाळ्यावरच्या मराठी वाक्यांचं सार बाळसेकरांच्या तोंडून त्याच्या कानापर्यंत आलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गिरगावातून जाताना प्रत्येक वेळी ती आठवते.

याच सुमारास त्याचं नैराश्य विरघळलं. का, ते त्यालाही नेमकं सांगता आलं नाही. वय वाढलं की चिंतेशी निगडित पेशी मरतात असं कुठेतरी वाचलंय, असंही तो म्हणायचा. मी मुंबईला सगळं श्रेय देणार नाही. पण २००१ चा 'टेन न्यू साँग्ज' ऐका. शॅरन रॉबिन्सनबरोबर केलेल्या त्या अल्बममधला आवाज श्वास सोडल्यासारखा शांत आहे. तसा आवाज त्याआधीच्या कुठल्याच अल्बमवर सापडत नाही.

म्हातारपणी तो पैशासाठी दौऱ्यावर निघाला, असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मठात असताना आणि नंतरही त्याच्या पैशांचा कारभार मॅनेजरकडे होता. २००४ च्या सुमारास उघडकीला आलं की निवृत्तीसाठी साठवलेले ५० लाखांहून जास्त डॉलर खात्यातून गेले आहेत. कोर्टात निकाल त्याच्या बाजूने लागला, पैसे मात्र हाती आले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा कामाला लागावं लागलं.

११ मे २००८ रोजी कॅनडातल्या फ्रेडरिक्टन या छोट्या गावात तो पंधरा वर्षांनी मंचावर आला. वय ७३. सुरुवात लहान सभागृहांतून झाली आणि बघता बघता ती मैदानांपर्यंत गेली. सूट, डोक्यावर फेडोरा हॅट. तीन-तीन तासांचे कार्यक्रम. गुडघ्यावर बसून गायचा, वादकाचा एकल तुकडा चालू असला की हॅट काढून छातीशी धरून उभा राहायचा, जाताना नाचत जायचा. २००९ मध्ये व्हॅलेन्सियात गाता गाता मंचावरच कोसळला आणि तीनच दिवसांत बार्सिलोनात, आपल्या ७५ व्या वाढदिवशी, पुन्हा गायला. २०१३ च्या डिसेंबरात ऑकलंडला शेवटचा कार्यक्रम झाला, तोपर्यंत तीनशेहून जास्त मैफली झाल्या होत्या.

पैसे तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच परत उभे राहिले असणार. तरी तो २०१२ मध्ये पुन्हा निघाला. त्याच वर्षी आलेला 'ओल्ड आयडियाज' हा अल्बम अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेला. सगळ्या कारकिर्दीत अमेरिकेने त्याला दिलेली ती तोवरची सर्वांत वरची जागा, आणि तो तेव्हा ७७ वर्षांचा होता.

चाहता म्हणून न आवडलेलं काही आहे का?

आहे. १९७७ चा 'डेथ ऑफ अ लेडीज मॅन'. निर्माता फिल स्पेक्टरने वाद्यांची एवढी भिंत उभी केली की मागे कोहेन सापडत नाही. अंतिम मिश्रण त्याला न विचारता झालं आणि त्यालाही ते मनापासून आवडलं नाही. २००४ चा 'डिअर हेदर' मला अर्धवट वाटतो. आणि स्त्रियांबद्दलच्या त्याच्या काही सुरुवातीच्या ओळी आज ऐकताना टोचतात. माझ्या मुलीने त्या दाखवून दिल्या आणि तिचं बरोबर आहे.

हयातीतला शेवटचा अल्बम कसा आहे?

'यू वाँट इट डार्कर' २१ ऑक्टोबर २०१६ ला आला आणि ७ नोव्हेंबरला तो गेला. वय ८२. पाठीच्या दुखण्यामुळे लॉस एंजेलिसच्या घरीच खास खुर्चीत बसून त्याने हे गायलं आणि मुलगा अ‍ॅडमने ध्वनिमुद्रण केलं. शीर्षकगीतात माँट्रियलच्या त्याच सिनेगॉगचं (ज्यू प्रार्थनामंदिराचं) गायकवृंद आहे, ज्याच्याशी त्याच्या घराण्याचं पिढ्यानपिढ्यांचं नातं होतं. मध्येच तो 'हिनेनी' म्हणतो. बायबलमध्ये देवाने हाक मारल्यावर अब्राहाम हाच शब्द उच्चारतो. मराठीत 'हा मी आलो' याच्या जवळचा. पुढे त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं, रॉक विभागात.

मी तो अल्बम पहिल्या आठवड्यात ऐकला तेव्हा तो हयात होता. तीन आठवड्यांनी तीच गाणी ऐकवेनात. आता ऐकतो, पण एकट्याने.

सुरुवात कुठून करू?

'लाइव्ह इन लंडन'पासून. १७ जुलै २००८ च्या मैफलीचं ते ध्वनिमुद्रण आहे. सगळी गाजलेली गाणी एका जागी आहेत, आवाज पिकलेला आहे आणि वादक अप्रतिम. हाव्हिएर मास या स्पॅनिश वादकाचं तंतुवाद्य ऐकून सरोदाची आठवण येईल. ते आवडलं तर १९६७ च्या पहिल्या अल्बमकडे जा, मग 'आय अ‍ॅम युअर मॅन', मग 'द फ्यूचर'. 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' थोडं उशिरा घ्या, तो फार काळोखा आहे.

इंग्रजी शब्द सुटले तर थांबू नका. पहिल्यांदा नुसतं ऐका आणि दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. 'अँथम' सुरू करण्याआधी मात्र घरातला पंखा बंद करा; सुरुवातीची व्हायोलिनं फार हळू येतात.